डाग आणि थर



या व्याख्यानमालेत पूर्वी झालेल्या व्याख्यानांची फेरिस्त चिटणिसांनी मला धाडली, तेव्हा ती वाचून मी काही काळ संकोचात पडलो. कोणी जबड्याच्या अस्थीत रोवावयाच्या कृत्रिम दंतमुळांवर बोलले होते, कोणी दुभंगलेल्या टाळूच्या शस्त्रक्रियेवर, कोणी क्ष-किरणचित्रणाच्या नव्या साधनांवर. आणि मी बोलणार दातांवरच्या मळावर. घरी विषय सांगितला तेव्हा सौभाग्यवतींनी हातातले काम थांबवून एवढेच विचारले, "मळावर? आणि तासभर?" प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर देण्याऐवजी मी आपल्यापुढे येऊन उभा राहिलो आहे.

ज्या गुरूंच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्यांच्या हाताखाली मी शिकलो. हिरड्यांच्या विभागात आमच्या तुकडीचा पहिला दिवस होता. नवे पांढरे कोट, नवी कडक घडी, आणि आता रोग्यांच्या तोंडात हत्यार घालण्याचा अधिकार मिळणार म्हणून चढलेला थोडा ताठा. सरांनी रोगी बोलावला नाही. त्यांनी लाल रंगाच्या द्रावणाची बाटली आणि कापसाचे बोळे मागविले आणि आम्हा सर्वांना एकमेकांचे दात रंगवावयास सांगितले. मग चूळ भरली, आरसे हातात घेतले, आणि ज्या दातांना आम्ही सकाळी निघताना अगदी निष्ठेने घासून आलो होतो, त्यांच्या हिरड्यांलगतच्या कडा आणि दोन दातांमधल्या फटी कुंकवासारख्या लाल दिसू लागल्या. वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "जे तुम्हांला स्वतःच्या तोंडात दिसले नाही ते तुम्ही दुसऱ्याच्या तोंडात शोधणार आहात. तेव्हा आधी पाहावयास शिका."

आज मला बोलावयाचे आहे ते याच पाहण्याविषयी. आपल्याकडे येणारा माणूस बहुधा डाग घेऊन येतो. डाग त्याला दिसतो, शेजाऱ्याला दिसतो, मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींना दिसतो. रोग मात्र बहुतांशी थरात असतो, आणि थर कोणालाच दिसत नाही. एकाची लाज आहे आणि दुसऱ्याची हानी आहे, ही विसंगती आपल्या धंद्याच्या मुळाशी बसलेली आहे.

प्रथम थराकडे वळू. त्याला आपण दवाखान्यात इंग्रजीतूनच 'प्लाक' म्हणतो, आणि रोग्याला सांगताना "अन्न अडकते हो" असे म्हणून मोकळे होतो. हे म्हणणे सोयीचे असले तरी चुकीचे आहे. अडकलेले अन्न निराळे. ते चूळ भरली की बऱ्याच अंशी निघून जाते. थर चुळीने जात नाही. का जात नाही? याचे उत्तर पहिल्याने ज्याच्या हाती लागले तो दंतवैद्यही नव्हता आणि वैद्यही नव्हता. तो हॉलंडातील डेल्फ्ट गावचा एक कापडदुकानदार होता.

आंतोनी फान लेवेनहूक हे नाव तुम्ही जंतुशास्त्राच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर वाचले असेल आणि परीक्षेच्या दृष्टीने निरुपयोगी म्हणून उलटलेही असेल. स्वहस्ते घासलेल्या इवल्याशा भिंगांतून या गृहस्थाने पाणी पाहिले, रक्त पाहिले, आणि १६८३ च्या सप्टेंबरात, म्हणजे आपल्याकडे संभाजीमहाराजांची कारकीर्द चालू असताना, लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहून स्वतःच्या दातांतल्या मळाची सविस्तर कैफियत सादर केली. हा माणूस गबाळा नव्हता. रोज सकाळी मिठाने दात चोळावे, पाण्याने चुळा भराव्या, जेवणानंतर दाढा कोरून काढाव्या आणि फडक्याने पुसाव्या, असा त्याचा नेम असे. तरीही दातांच्या फटींत सरबरीत पिठासारखा पांढरट पदार्थ त्याला सापडला, तो त्याने पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवून भिंगाखाली धरला, आणि त्यात असंख्य जीव सुळसुळताना पाहून तो चकित झाला. जन्मात कधी दात न घासलेल्या एका वृद्धाच्या तोंडातलाही मळ त्याने मागून घेतला. तिथे तर जीवांची नुसती जत्रा भरलेली होती.

पण या पत्रातला सर्वांत मोलाचा भाग पुढे आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. लेवेनहूकने तोंडात कडक शिरका धरून चुळा भरल्या आणि पुन्हा दातांमधला मळ काढून पाहिला, तो जीव जिवंतच. मग त्याने तोच शिरका बाहेर काढलेल्या, पाण्यात कालवलेल्या मळात थेट मिसळला. तत्क्षणी सारे जीव गतप्राण झाले. यावरून त्याने अनुमान बांधले की तोंडातला शिरका दाट मळाच्या आत शिरत नाही, फक्त बाहेरच्या बाजूचे जीव मारतो. सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. अनेक रंगांची आणि अनेक वासांची गुळण्यांची पाणी बाजारात आली. आणि दूरचित्रवाणीवरची जाहिरात आजही आपल्याला सांगते की ढवळून थुंकले की काम झाले. डेल्फ्टच्या कापडवाल्याने जे स्वतःच्या तोंडात पडताळून पाहिले ते अजून आपल्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचलेले नाही. (गिऱ्हाईक म्हटले म्हणून रागावू नका; पुष्कळ दवाखान्यांतून आता तोच शब्द योग्य ठरेल.)

शिरका आत का शिरत नाही, हे समजावयाचे तर थर बसतो कसा ते पाहिले पाहिजे. तुम्ही दात घासून, घोटून, आरशासारखा लख्ख केलात की काही मिनिटांतच लाळेतली प्रथिने त्यावर एक अत्यंत पातळ पापुद्रा चढवितात. त्यात जंतू नसतात आणि तो शत्रूही नव्हे. दाताच्या पृष्ठभागाला ते एक प्रकारचे संरक्षणच आहे. पण पडीक जमिनीची मोजणी होऊन खुंट्या ठोकल्या गेल्या की वस्ती यावयास वेळ लागत नाही. काही तासांत पहिले वसाहतकार येतात. त्यांत साखळ्यांनी राहणारे गोल जंतू मुख्य, आणि त्यांची राहणी साधी, बिनउपद्रवी म्हणावी अशी. ते पापुद्र्याला धरतात, वाढतात, आणि स्वतःभोवती चिकट द्रव्याचे लिंपण करतात. मग त्यांच्या ओळखीने दुसरे येतात. या दुसऱ्यांत फ्युझोबॅक्टेरियम नावाचा लांबोडका जंतू मोठा हिकमती मध्यस्थ आहे. आधी आलेल्यांचा हात एका हाताने धरावा, मागून येणाऱ्यांचा दुसऱ्या हाताने धरावा, असा त्याचा व्यवसाय. शेवटी येतात ते असे की ज्यांना प्राणवायू सोसत नाही. ते उघड्या दातावर कधीच टिकले नसते, परंतु आधीच्या मंडळींनी प्राणवायू खाऊन संपविलेला असल्यामुळे आतल्या अंधाऱ्या ओवऱ्यांत त्यांची उत्तम सोय होते. हिरड्यांचा जो खरा विध्वंस होतो त्यात या शेवटी आलेल्यांचा मोठा हात असतो.

म्हणजे थर हा कचऱ्याचा ढीग नाही. ते रचनाबद्ध गाव आहे. त्याच्या एका मिलिग्रॅमात जंतूंची संख्या १० कोटींच्या घरात जाते. गावाला गल्ल्या आहेत, पाणी वाहून नेणारे पाट आहेत, शेजारधर्म आहे, आणि बाहेरून येणाऱ्या औषधाला अडविणारे लिंपण आहे. अशा गावावर गुळणीचा शिडकावा करून काय होणार? अतिक्रमण मोडावयाचे तर कुदळच लागते; आणि आपली कुदळ म्हणजे ब्रशाचा केस.

येथे साखरेविषयी चार शब्द सांगणे भाग आहे. लंडनच्या क्लार्क यांनी १९२४ मध्ये किडक्या दातांतून जो जंतू वेगळा काढला आणि ज्याला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स असे नाव दिले, तो साखरेपासून दोन गोष्टी करतो: चिकट लिंपण आणि आम्ल. पुढे १९४० च्या दशकात स्टीफन या संशोधकाने दाखविले की साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांत थरातली आम्लता एकदम वाढते आणि पूर्वपदावर यावयास अर्धा ते एक तास लागतो. आम्लता वाढेल तसा उतरणारा पीएचचा आकडा साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजे विरघळू लागतात. आता कचेरीतल्या आपल्या एखाद्या कारकुनाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. दहा वाजता चहा, साडेअकराला चहा, जेवणानंतर चहा, साहेब रागावले म्हणून चहा, साहेब रजेवर म्हणून चहा. हा गृहस्थ तुमच्याकडे येतो आणि तक्रार काय करतो? "डॉक्टर, चहाने दात पिवळे पडले." चहाच्या पत्तीने रंग दिला तो त्याला दिसला, त्याच पेल्यातल्या साखरेने दाढेच्या फटीत जे चालविले आहे ते त्याला दिसलेले नाही. आणि तुम्हीही पिवळेपणा घासून त्याला वाटेला लावलेत, तर ते तुम्हांलाही दिसलेले नाही असे म्हणावे लागेल.

मित्रहो, थर आणि हिरडीचा रोग यांचा संबंध आज तुम्हांला इतका उघड वाटतो की त्यासाठी पुरावा लागला असेल असे मनातही येत नाही. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याविषयी मोठा घोळ होता. कोणी म्हणे जीवनसत्त्वे कमी पडतात, कोणी म्हणे दात एकमेकांवर वेडेवाकडे आदळतात, कोणी म्हणे टणक किटणाच्या धारेने हिरडी खरचटते. हा घोळ मिटविला तो डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे, आणि त्यासाठी कामी आले ते बहुतांशी तुमच्यासारखे दंतविद्यार्थी. हाराल्ड ल्यो आणि त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांची १२ माणसे घेतली आणि त्यांना हुकूम दिला तो एवढाच, की दात घासावयाचे नाहीत. पुढे काय झाले? १० दिवसांपासून २१ दिवसांपर्यंतच्या मुदतीत एकूण एक माणसाच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या. कोणाच्या लवकर, कोणाच्या उशिरा. सुटला मात्र एकही नाही. थराचे नमुने वेळोवेळी तपासले जात होते. त्यात प्रथम ते साधे गोल जंतू, मग लांब तंतूंसारखे, आणि शेवटी मळसूत्री आकाराचे, असा वस्तीचा पालट डोळ्यांदेखत घडला. मग त्यांच्या हाती पुन्हा ब्रश दिले. आठवडाभराच्या आसपास हिरड्या पूर्ववत झाल्या.

या प्रयोगाचे मला वाटणारे सौंदर्य त्याच्या दुसऱ्या भागात आहे. रोग निर्माण करून दाखविणे फारसे अवघड नसते. पण कोणतेही औषध न देता, केवळ थर दूर करून तो परतविता येतो, हे दाखविणे म्हणजे आरोपीने भरकचेरीत गुन्हा कबूल करून चोरीचा मालही आणून देणे होय. अर्थात एवढ्यावर फार हुरळून जाऊ नये. हिरडीची सूज परतते. पण सूज खोलवर जाऊन दाताभोवतीचे हाड झिजले तर ते आपणहून परत येत नाही. आणि सगळ्यांचे हाड सारख्या वेगाने झिजतही नाही. मधुमेह, तंबाखू आणि जन्मजात प्रकृती यांचा त्यात मोठा हिस्सा आहे.

थराला हलविले नाही तर तो दगड होतो. वर्षानुवर्षांच्या निर्वेध वहिवाटीने अतिक्रमणाची मालकी होते, असे आपल्या दिवाणी व्यवहारात मानतात. तोंडात तितकी वाट पाहावी लागत नाही. लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट थरात उतरू लागतात, काही जागी काही तासांतच, आणि पंधरवड्याच्या आत पुष्कळसा थर टणक होऊन बसतो. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू ही किटणाची खास ठिकाणे, कारण लाळग्रंथींच्या वाटा तिथेच उघडतात. यालाच आपल्या वैद्यकात दंतशर्करा म्हटले आहे. शर्करा म्हणजे येथे साखर नव्हे, खडे, वाळू. सुश्रुतसंहितेत दंतरोगांच्या यादीत ही दंतशर्करा आहे; तिचे कपच्यांसारखे तुकडे सुटू लागले की कपालिका, दात काळवंडला की श्यावदंत, अशी पुढची नावेही आहेत; आणि ही शर्करा काढून टाकताना दाताच्या मुळाला इजा होता कामा नये, अशी वैद्याला ताकीदही दिलेली आहे. शस्त्रांच्या यादीत दंतशंकू नावाचे हत्यार आहेच. 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे म्हणून टाळ्या मिळविणाऱ्यांपैकी मी नव्हे. जंतू त्यांना ठाऊक नव्हते आणि असण्याचा संभवही नव्हता. पण किटण काढावे आणि मूळ राखावे, या दोन क्रियापदांत शल्यकर्माची सारी नीती येते, आणि ती तुमच्यापैकी ज्यांना महिनाअखेरीस स्केलिंगचा कोटा पुरा करावयाचा असतो त्यांनी हत्यार उचलताना आठवावी.

याच ठिकाणी आपल्या समाजातील एका जबरदस्त समजुतीला तोंड द्यावे लागते. "दात साफ करून घेतले की हलू लागतात." ही समजूत मी शिपायापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांच्या तोंडून ऐकली आहे. तिला हसू नका, कारण तिच्यामागे डोळ्यांनी पाहिलेले काहीतरी आहे. हाड झिजलेले असते, हिरडी मागे सरलेली असते, आणि दात एकमेकांशी केवळ किटणाच्या गिलाव्याने जखडलेले असतात. आपण गिलावा काढतो, तेव्हा फटी उघड्या पडतात, थंड पाणी झोंबते, दात डुगडुगतो. रोग्याला वाटते, डॉक्टरने भिंत पाडली. वस्तुतः भिंत आधीच पडलेली होती. हे काम सुरू करण्यापूर्वी सांगितले तर ते निदान ठरते आणि नंतर सांगितले तर सबब ठरते.

आता डागांकडे वळू. डागांविषयी मला थोडे रेंगाळावयाचे आहे, कारण पाठ्यपुस्तकात त्यांचे बाह्य आणि अंतर्गत असे दोन वर्ग पाडून विषय आटोपतात, आणि विद्यार्थी समजतो की बाह्य डाग म्हणजे घासून जाणारे आणि अंतर्गत म्हणजे न जाणारे, संपले. माझे म्हणणे असे की डाग हा माणसाचा दप्तरखाना आहे. तो वाचता आला पाहिजे.

चहाकॉफीचा तपकिरी डाग पापुद्र्यावर चढतो. पानात कात असतो, त्याचा विटकरी रंग दातांच्या फटीफटींत उतरतो. बिडीचा डाग आतल्या बाजूने काळसर. क्लोरहेक्सिडीनची गुळणी महिनामहिना चालू ठेवणाऱ्याच्या दातांवर आणि जिभेवर जो तपकिरी रंग येतो, तो तर आपणच लिहून दिलेल्या चिठ्ठीचा डाग असतो. औषध चांगले आहे, ल्यो यांनीच १९७० मध्ये त्याचा प्रभाव दाखवून दिला, पण किती दिवस घ्यावयाचे ते चिठ्ठीवर लिहिण्याचे आपण विसरतो. काही मुलांच्या दातांवर हिरडीलगत काळी बारीक रेघ असते, जणू बोरूने ओढलेली. आई घाबरून येते. ती रेघ विशिष्ट जंतूंची आणि लोहाच्या संयुगाची असते, आणि अशा मुलांत कीड बहुधा कमी आढळते. त्या आईला "मूल दात घासत नाही" असे फटकारणाऱ्या डॉक्टराचे अज्ञान त्या रेघेपेक्षा काळे म्हटले पाहिजे.

आणि मग ते डाग, जे कोणत्याही ब्रशाने जाणार नाहीत. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना घालावयास गेला आणि तिथल्या लोकांचे दात तपकिरी ठिपक्यांनी माखलेले पाहून थक्क झाला. गावकरी म्हणत, हे असेच असते. मॅकेला ते पटले नाही. त्याने वर्षानुवर्षे विचारपूस चालविली, दंतशास्त्राचे थोर आचार्य जी. व्ही. ब्लॅक यांना १९०९ मध्ये तेथे आणले, गावोगावची तोंडे पाहिली, आणि संशय पाण्यावर येऊन ठेपला. पण पाण्यात काय, ते सापडेना. १९३१ मध्ये ॲल्युमिनियमच्या एका कारखान्यातील रसायनज्ञ चर्चिल यांनी ते शोधून काढले: फ्लोराइड. म्हणजे उत्तर मिळावयास ३० वर्षे लागली. त्यात चमत्कार असा, की हे डागाळलेले दात किडीला विलक्षण दाद देत नसत. त्यातूनच पुढे योग्य प्रमाणातले फ्लोराइड दातांचे रक्षण करते हे ज्ञान निघाले आणि आपल्या टूथपेस्टच्या नळीत ते येऊन बसले. डागाकडे कुरूपता म्हणून न पाहता प्रश्न म्हणून पाहिले, त्याचे हे फळ.

आपल्या देशात अशा फ्लोराइडबाधेची नोंद १९३७ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातून झाली. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या विहिरी आणि विंधनविहिरी याच कारणाने कुप्रसिद्ध आहेत. त्या मुलखातली एखादी विद्यार्थिनी तुमच्याकडे येईल. हसताना ती पदराने किंवा तळहाताने ओठ झाकील. तिच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग असतील. तिचे कवच घडत होते त्या वर्षांत तिच्या आईने तिला गावच्या विहिरीचे पाणी पाजले, एवढाच तिचा अपराध. तिला "नीट घासत जा" असे सांगणे म्हणजे निरपराध्याला दंड ठोठावणे आहे. तिच्या दातांसाठी काय करता येते ते जरूर करा. पण तिचे गाव विचारा, विहीर विचारा, धाकटी भावंडे किती आहेत ते विचारा, कारण त्यांचे कवच अजून घडत असेल.

मिसरीचा डाग मी मुद्दाम मागे ठेवला. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजावी, कुटावी, आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळावी, ही आपल्या पुष्कळ घरांतील बायकांची वहिवाट. दुर्दैव असे की ती दात स्वच्छ करण्याच्या नावाखाली चालते. सकाळी एकदा म्हणून सुरू होते आणि दिवसातून पाचसहा वेळा डबी उघडेपर्यंत जाते. असे काळे दात समोर आले की तरुण डॉक्टरचा हात ते पांढरे करण्यासाठी शिवशिवतो. माझी विनंती आहे की त्या क्षणी हत्यार खाली ठेवावे आणि ओठ उलटून, गाल ताणून, जीभ बाजूला करून पाहावे: एखादा पांढरा चट्टा, एखादी न भरणारी जखम, एखादी जाड झालेली कड. दातावरच्या डागाने कधी कोणी मेले नाही. तंबाखूने ओठाआड जे होते त्याने मरतात.

राहता राहिला बंदोबस्त. त्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही, कारण तो अतिशय साधा आहे, आणि साधा आहे म्हणूनच तो शिकविला जात नाही. चरकाने दिवसातून दोनदा दातवण सांगितले. तुरट, तिखट वा कडू रसाच्या झाडाचे, टोक ठेचून मऊ केलेले, आणि हिरडीला न दुखविता. जिभेसाठी सोन्यारुप्यापासून पितळेपर्यंतच्या धातूंची, धार नसलेली जिभली सांगितली. नायलॉनच्या केसांचे ब्रश १९३८ पासून विकावयास आले. त्याआधी डुकराच्या केसांचे असत, ही गोष्ट आमच्या आजीला कोणी सांगितली नाही हे बरे झाले, ती मरेपर्यंत राखुंडीवर होती. न्यू ऑर्लिन्सचे चार्ल्स बास यांनी आयुष्याचा पूर्वार्ध हिवताप आणि आकडेकृमी यांच्या अभ्यासात घालविला आणि उतारवयात दात घासण्याच्या अभ्यासाला वाहून घेतले; ब्रशाचे केस ४५ अंशांत हिरडीच्या कडेला टेकवून तिथल्या तिथे हलवावे, ही त्यांची पद्धत तुम्हांला पाठ आहे. त्याच गावात त्यांच्या शतकभर आधी, १८१९ मध्ये, पार्मली नावाच्या दंतवैद्याने दातांच्या फटींतून रेशमाचा धागा फिरविण्याची शिफारस केली होती. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटे, रात्री निजण्यापूर्वी अवश्य, फटींसाठी धागा किंवा बारीक ब्रश, आणि आंबट खाल्ल्यावर लगेच घासू नये: एवढ्यात सारी सनद संपली. स्वीडनमधील कार्लस्टाड येथे आक्सेल्सन आणि लिंढे यांनी माणसांचा एक समूह ३० वर्षे अशा शिस्तीत ठेवून पाहिला. त्या मुदतीत त्यांचे दात फारच थोडे पडले. ब्रश स्वस्त आहे. महाग आहे तो त्यांच्यामागे खर्च झालेला शिकविण्याचा वेळ.

वेळेवरून सरांची एक गोष्ट आठवली, ती सांगून आपली रजा घेतो. मी तेव्हा इंटर्न होतो आणि सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिबिर होते. शाळेच्या ओसरीवर खुर्च्या मांडलेल्या, बाहेर उन्हात रांग. माझ्या वाट्याला साठीच्या एक आजी आल्या. दात मिसरीने काळेभोर. मी आधी गाल तपासला, चट्टा नव्हता, आणि मग पाऊण तास खपून एकेक दात असा उजळला की मलाच कौतुक वाटले. आरसा दिला. आजींनी तो वरखाली करून पाहिला आणि मला म्हणाल्या, "दात उजळ केलंस लेकरा, झ्याक केलंस. पर उद्या सकाळी उठल्यावर बोट कशात बुडवू?"

मला उत्तर सुचेना. मी काहीतरी पुटपुटलो. तंबाखू वाईट, कर्करोग होतो, वगैरे. आजी मान डोलावीत राहिल्या, जशी आपण सगळेच कीर्तनात डोलावतो. सर मागे केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. त्यांनी एक स्टूल ओढले, आजींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले, पिशवीतून एक नवा ब्रश काढला आणि तो त्यांच्या हाती दिला. आजींनी तो लाटण्यासारखा मुठीत धरला. सरांनी एकेक बोट सोडवून, लेखणी धरतात तसा तो धरावयास लावला. मग आरसा मला धरावयास सांगून खालच्या डाव्या दाढेपासून सुरुवात केली. हात आजींचा, त्यावर सरांचा हात. रांगेत चाळीस माणसे खोळंबली होती. मुख्याध्यापक दोनदा घड्याळ पाहून गेले.

"डॉक्टर, ह्याला येळ लागतो हो लई," मध्येच ब्रश बाहेर काढून आजी म्हणाल्या.

"लागू द्या," सर म्हणाले. "अजून वरची बाजू राहिलीय."